देशावरच्या बागेतला गुलाब: जातीच्या निवडीपासून गुलकंदापर्यंत

गुलाबावरची बरीच प्रसिद्ध पुस्तके ज्या देशांत लिहिली गेली, तेथे हिवाळ्यात झाड थंडीने निद्रिस्त असते, थंडी सरता सरता त्याची छाटणी होते आणि जूनमध्ये पहिला बहर येतो. पुणे, सातारा, नाशिक, अहिल्यानगर अशा देशावरच्या भागात हे वेळापत्रक जवळजवळ उलटे करावे लागते. आपल्याकडे गुलाबाला थंडीचा त्रास नाही. वैशाखातले ऊन आणि आषाढ-श्रावणातली झड या दोहोंनी तो थकतो आणि परतीचा पाऊस ओसरला की त्याचे खरे वर्ष सुरू होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुख्य छाटणी, डिसेंबरात पहिला बहर, जानेवारी-फेब्रुवारीत सर्वांत मोठी व रंगदार फुले आणि मार्चनंतर झाड जगवण्याची धडपड, असा येथला क्रम आहे. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरते, त्यामागेही हेच ऋतुचक्र आहे. खाली दिलेली सर्व कामे या क्रमाला धरून आहेत.

जात निवडताना

रोपवाटिकेत गेलेला माणूस उमललेले फूल पाहून रोप निवडतो आणि पुढच्या बहुतेक निराशेचे मूळ त्या निवडीत असते. फूल कसे दिसते याच्या आधी झाड किती वाढते, छाटणी किती सोसते आणि आपल्या हवेत कोणत्या रोगाला बळी पडते, हे विचारायला हवे. ही सगळी माहिती जातीच्या नावाशी बांधलेली असते. म्हणून ‘लाल’, ‘पिवळा’, ‘डबल कलर’ एवढ्याच चिठ्ठीवर विकले जाणारे रोप कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लांब दांड्यावर एकच डौलदार फूल हवे असेल तर हायब्रिड टी हा गट निवडावा. १८६७ मध्ये फ्रान्समध्ये आलेली ‘ला फ्रान्स’ ही या गटातली पहिली जात मानली जाते. देशावर नवख्याने सुरुवात करायची असेल तर ती ‘ग्लॅडिएटर’पासून करावी. १९५५ साली आलेली ही लाल जात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे उघड्या शेतात पिकवली आहे, यावरूनच तिचा दणकटपणा लक्षात यावा. तिला सुगंध मात्र जेमतेम असतो. सुगंधासाठी ‘मिस्टर लिंकन’ किंवा ‘पापा मेयाँ’ लावावा. ‘पापा मेयाँ’चे काळसर, मखमली फूल अप्रतिम असते, पण थंड रात्री सुरू झाल्या की त्याच्या कोवळ्या पानांवर भुरी (पांढऱ्या पिठासारखी दिसणारी बुरशी) येते, हे स्वीकारूनच त्याला जागा द्यावी. पिवळ्या पाकळ्यांना गुलाबी किनार असलेला ‘पीस’ हा फ्रान्सिस मेयाँ या फ्रेंच पैदासकाराचा गुलाब दुसरे महायुद्ध संपत असताना, १९४५ मध्ये, अमेरिकेत या नावाने जाहीर झाला. त्याची छाटणी हलकी ठेवावी, कारण खूप खाली कापलेला ‘पीस’ पुढे बराच काळ रुसून बसतो.

‘डबल डिलाइट’ या १९७७ सालच्या जातीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तिच्याबाबत फसवणूक झाल्याची तक्रार वारंवार ऐकू येते. मलईसारख्या पाकळ्यांच्या कडांवर तिचा लाल रंग पसरत जातो आणि हा रंग सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे उमटतो. काचेआड किंवा असे किरण अडवणाऱ्या पत्र्याखाली ठेवलेल्या कुंडीतले फूल जवळजवळ पांढुरके राहते, तर उघड्यावरच्या त्याच झाडाचे फूल दोन दिवसांत लालीने माखते. रोपवाटिकेने चुकीचे रोप दिले असे ठरवण्याआधी कुंडी उघड्या उन्हात ठेवून पुढच्या बहराची वाट पाहावी.

बाग रंगाने भरलेली हवी असेल तर मात्र हायब्रिड टीचा मोह सोडून फ्लोरिबंडाकडे वळावे. या गटात फुले झुबक्याने येतात, झाडावर सतत काहीतरी उमललेले असते आणि छाटणीत झालेली चूक झाड पोटात घालते. १९५८ मध्ये जर्मनीत कॉर्डेस यांनी प्रसृत केलेला पांढरा ‘आइसबर्ग’ हा या गटातला सर्वांत भरवशाचा गुलाब आहे. त्याला काटे कमी असतात आणि उन्हाचा एखादा तास कमी पडला तरी तो फुलतो. आपल्याकडच्या जातीही या गटात उत्तम आहेत. गव्हावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल हे हाडाचे गुलाबप्रेमी होते. गुलाबी ‘दिल्ली प्रिन्सेस’ आणि शेंदरी-पिवळा ‘बंजारन’ ही त्यांची निर्मिती. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून आलेल्या ‘मोहिनी’चा चॉकलेटी तपकिरी रंग पाहणाऱ्याला चक्रावून टाकतो. कुंपणाच्या भिंतीलगत उंच झाड हवे असल्यास ‘क्वीन एलिझाबेथ’ ही गुलाबी जात लावावी. ती सहज माणसाच्या उंचीच्या वर जाते, म्हणून तिला पुढच्या रांगेत जागा देऊ नये.

पिवळ्या गुलाबांबाबत एक इशारा देणे भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बागेतल्या आधुनिक गुलाबांना गडद पिवळा रंग नव्हता. फ्रेंच पैदासकार जोसेफ पेर्ने-दुशे यांनी पश्चिम आशियातल्या रोझा फेटिडा या पिवळ्या गुलाबाचा संकर करून १९०० साली ‘सोलेइ दोर’ ही जात आणली आणि तिच्या वंशातून आजचे बहुसंख्य पिवळे, नारिंगी व दुरंगी गुलाब आले. रंगाबरोबर पानांवरच्या काळ्या ठिपक्यांच्या रोगाला लवकर बळी पडण्याची खोडही याच पूर्वजाकडून आली, असे जाणकार मानतात. पहिल्या वर्षी सगळेच गुलाब पिवळे घेतले तर पावसाळ्याअखेर केवळ काटक्या उरण्याची शक्यता मोठी असते.

मिनिएचर गुलाब आठ इंची कुंडीत मावतात, म्हणून ते घरातल्या टेबलावर ठेवण्यासाठी आहेत असा समज पसरला आहे. झाड लहान असले तरी त्याला ऊन तेवढेच लागते. वेलगुलाबाच्या बाबतीत एकच नियम सांभाळावा: पहिली दोन वर्षे त्याची छाटणी करू नये आणि लांब फांद्या सरळ वर न चढवता कमानीवर किंवा तारेवर शक्य तितक्या आडव्या बांधाव्यात. उभ्या फांदीला फक्त शेंड्यावर फुले येतात, तर आडव्या केलेल्या फांदीच्या प्रत्येक डोळ्यातून, म्हणजे पानाच्या बगलेतल्या अंकुरातून, फूट निघते.

राहिला देशी किंवा गावठी गुलाब. फिक्कट गुलाबी, विसकटलेल्या पाकळ्यांचा, दुपारपर्यंत गळून जाणारा हा गुलाब फुलदाणीच्या कामाचा नाही. पण देवपूजा, गुलकंद आणि निव्वळ वास यांसाठी त्याला तोड नाही. बाजारात या नावाखाली एकाहून अधिक जाती मिळतात. त्यातला वर्षभर थोडा थोडा फुलणारा, ‘एडवर्ड’ नावाने ओळखला जाणारा गुलाब आपल्या उपयोगाचा आहे. कन्नौज किंवा हल्दीघाटीकडचा अत्तराचा चैती गुलाब वर्षातून एकदाच, वसंतात फुलतो आणि त्याआधी त्याला चांगली थंडी लागते. पुण्याच्या गच्चीवर त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

कोकणपट्टी, मुंबई आणि गोव्यात आर्द्रतेमुळे काळे ठिपके जवळजवळ बारमाही असतात. तेथे देशी गुलाब, बटन गुलाब आणि निवडक फ्लोरिबंडा यांवर भर द्यावा आणि हायब्रिड टी दोन-तीनच ठेवावेत. विदर्भात हिवाळा अधिक थंड असल्याने फुले मोठी येतात, पण मे महिन्यात दुपारनंतरची सावली मिळेल अशीच जागा निवडावी लागते. उष्ण हवेसाठी खास घडवलेल्या जाती हव्या असतील तर एम. एस. विराराघवन या भारतीय गुलाब पैदासकारांच्या जातींचा शोध घ्यावा; रोझा जायगँटिया आणि पाणथळ जागी तग धरणारा रोझा क्लिनोफिला या भारतीय रानगुलाबांचा त्यांनी संकरासाठी वापर केला आहे.

जागा, रोप आणि माती

गुलाबाला दिवसाकाठी किमान सहा तास ऊन हवे आणि ते सकाळचे असल्यास उत्तम, कारण रात्रीचे दव लवकर सुकते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन नेमके बहराच्या महिन्यांत आतपर्यंत येते. पूर्वेची बाल्कनीही चालते. पश्चिमेच्या बाल्कनीत एप्रिलपासून कुंड्या हलवाव्या लागतात, आणि उत्तरेच्या बाल्कनीत गुलाबाचा हट्ट धरू नये.

रोप घेताना फुलांऐवजी बुंधा पाहावा. जमिनीजवळ जेथे खुंटावर, म्हणजे मुळे पुरवणाऱ्या दुसऱ्या गुलाबाच्या बुंध्यावर, हव्या त्या जातीचा डोळा भरलेला (कलम केलेला) असतो तो सांधा भरीव हवा आणि त्याच्या वरून किमान दोन जाडसर, निरोगी फांद्या निघालेल्या हव्यात. पिशवीतल्या रोपांच्या मुळांभोवती बहुधा चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच कुंडीत ठेवला तर भोवतालची भुसभुशीत माती ओली होते आणि गोळा मात्र आतून कोरडा राहतो. ‘रोज पाणी घालूनही रोप वाळले’ या तक्रारीचे हे नेहमीचे कारण आहे. लावण्याआधी गोळा अर्धा तास पाण्यात ठेवावा, बाहेरची माती बोटांनी हलकेच सुटी करावी, पण मधली मुळे उघडी पडतील इतके खणू नये.

हायब्रिड टी आणि फ्लोरिबंडासाठी १२ ते १४ इंची कुंडी घ्यावी. मातीची कुंडी हवा खेळती ठेवते, पण गच्चीवरच्या उन्हात लवकर सुकते. प्लास्टिकच्या कुंडीत ओल टिकते, पण पावसाळ्यात मुळे कुजण्याचा धोका वाढतो. तळाच्या भोकांवर खापऱ्या ठेवून दोन भाग पोयट्याची किंवा तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू असे मिश्रण भरावे. प्रत्येक कुंडीत मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. नुसती काळी माती कधीही वापरू नये. ती पाणी धरून ठेवते, सुकली की भेगाळते आणि मुळे तोडते. जमिनीत लावताना दीड ते दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. जमीन काळी असेल तर त्यातली निम्मी माती काढून तेथे तांबडी माती व शेणखत भरावे आणि वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवावा. दोन हायब्रिड टीमध्ये अडीच फूट आणि फ्लोरिबंडामध्ये दोन फूट अंतर पुरते. थंड देशांत डोळ्याचा सांधा जमिनीखाली गाडतात. आपल्याकडे तो मातीच्या एक-दीड इंच वरच राहू द्यावा.

सांधा वर ठेवण्याचा आणखी एक फायदा असा, की खुंटाची फूट लगेच ओळखता येते. सांध्याच्या खालून आलेली, निराळ्या पानांची, वेगाने वाढणारी फिकट हिरवी फांदी ही खुंटाची असते. ती वरून न कापता माती बाजूला करून मुळाशी धरून ओढून काढावी. मात्र सांध्याच्या वरून निघालेली जाड, लालसर, रसरशीत फूट ही झाडाची पुढच्या वर्षांची ठेव असते. केवळ पानांचा रंग वेगळा दिसतो म्हणून तिच्यावर सिकेटर (छाटणीची कात्री) चालवणारे बागकाम करणारे पाहिले की जीव हळहळतो.

छाटणी

देशावर मुख्य छाटणी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात करावी. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर आठवडाभर थांबावे, कारण ओल्या हवेत ताज्या कापातून रोग आत शिरतो. कोकणात ही छाटणी नोव्हेंबरात करणे बरे. छाटणीपासून फूल उमलेपर्यंत साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात. ठरावीक दिवशी फुले हवी असतील तर त्या दिवसापासून मागे मोजावे आणि सर्व झाडे एकाच दिवशी न छाटता आठ-आठ दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत छाटावीत, म्हणजे बहर लांबतो.

आधी मेलेल्या, आत वाढणाऱ्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या मुळापासून काढाव्यात. उरलेल्या चार-पाच दणकट फांद्या हायब्रिड टीमध्ये निम्म्या उंचीवर आणि फ्लोरिबंडामध्ये वरचा एक-तृतीयांश भाग काढून छाटाव्यात. ‘पीस’ आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ यांना याहूनही कमी छाटणी मानवते. काप नेहमी बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतार देऊन घ्यावा. पाव इंचापेक्षा जास्त भाग ठेवला तर तो वाळतो आणि वाळणे खाली उतरत जाते. कमी ठेवला तर डोळाच सुकतो.

काप घेतल्यावर लगेच पुढच्या फांदीकडे न वळता कापाचा पृष्ठभाग पाहावा. मधला गाभा पांढरट किंवा किंचित हिरवट असेल तर काप योग्य जागी आहे. गाभा तपकिरी असेल, अगदी मध्ये टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका असला तरी, ती फांदी आतून मरत चाललेली आहे. अशा वेळी एकेक डोळा खाली येत स्वच्छ गाभा लागेपर्यंत कापत जावे, मग उंचीचे सगळे नियम बाजूला राहिले तरी चालतील. शेंड्याकडून बुंध्याकडे फांदी वाळत येण्याचा हा रोग, ज्याला बागप्रेमी डायबॅक म्हणतात, आपल्याकडे इतर सर्व रोगांपेक्षा जास्त झाडे मारतो आणि तो बहुतेक वेळा छाटणीच्या कापातूनच सुरू होतो. प्रत्येक झाडानंतर सिकेटरचे पाते स्पिरिटने पुसण्याचा कंटाळा करू नये.

पेन्सिलीहून जाड प्रत्येक कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावावी. घरच्या बागेपुरती पेस्ट करायची तर १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवावेत. चुना विरघळताना पाणी तापते आणि उडते, म्हणून तोंड दूर ठेवावे. दोन्ही निवल्यावर एकत्र ओतून ढवळावीत. मिश्रणात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे असे समजून थोडी चुन्याची निवळी आणखी घालावी. ही पेस्ट त्याच दिवशी वापरावी.

छाटणीनंतर झाडावरची रोगट पाने काढून खाली पडलेला पाचोळा गोळा करावा आणि कंपोस्टच्या खड्ड्यात न टाकता बागेबाहेर काढावा. जुन्या पद्धतीत छाटणीआधी पाणी तोडून मुळे उघडी करण्याची रीत आहे. शेतातल्या जुन्या झाडांना ती कदाचित मानवत असेल, पण कुंडीतल्या गुलाबावर हा प्रयोग करू नये. त्याऐवजी कुंडीतली झाडे याच वेळी, दर दोन वर्षांनी, बाहेर काढून बाहेरची मुळे थोडी छाटून नव्या मातीत लावावीत. जूनमधली छाटणी नाममात्र असते: वाळके, रोगट, बारीक तेवढे काढावे.

पाणी, खत आणि रोगराई

पाणी सकाळी, बुंध्याशी आणि भरपूर द्यावे. रोज थोडे शिंपडल्याने मुळे वर येतात. हिवाळ्यात कुंडीला एक दिवसाआड आणि उन्हाळ्यात रोज, हे प्रमाण मातीत बोट घालून पाहून ठरवावे. बोअरच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या गुलाबांची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसतात. हे लक्षण लोहाच्या कमतरतेचे आहे आणि त्यावर शेणखत वाढवून उपयोग होत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह) लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात फवारावे आणि जमेल तेव्हा पावसाचे किंवा नळाचे पाणी वापरावे.

छाटणीनंतर आठ-दहा दिवसांनी, डोळे फुगू लागले की, कुंडीत दोन मुठी शेणखत, एक मूठ निंबोळी पेंड आणि अर्धी मूठ हाडांचा चुरा वरच्या मातीत मिसळावा. त्यानंतर पंधरा दिवसांनी एकदा शेंगदाण्याची पेंड तीन-चार दिवस भिजवून, दहापट पाणी घालून तो निवळ द्यावा; वास असह्य असतो, त्यामुळे शेजाऱ्यांचा विचार करून वेळ निवडावी. कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की खत थांबवावे. उन्हाळ्यात खत देऊच नये, फक्त पालापाचोळ्याचे दोन-तीन इंची आच्छादन टाकावे.

काळ्या ठिपक्यांची बुरशी पान सलग सहा-सात तासांहून अधिक ओले राहिले की रुजते, आणि म्हणूनच संध्याकाळी पानांवर पाणी मारणे हा तिला दिलेला निमंत्रणाचा विडा आहे. पावसाळ्यात कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम घेऊन पंधरवड्याने फवारावे. भुरी मात्र कोरडे दिवस आणि थंड रात्री यांत वाढते. तिच्यावर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम घेऊन फवारावे, पण तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधक वापरल्यास पाने करपतात. मार्चपासून पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी जमतात आणि पाने धुळकट, निस्तेज दिसू लागतात. कोळी हा कीटक नसल्याने नेहमीची कीटकनाशके त्यावर चालत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मात्र मरतात. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारणे हाच घरगुती बागेतला सर्वांत परिणामकारक उपाय होय. फुलकिड्यांमुळे कळीच्या कडा तपकिरी होतात. त्यासाठी निंबोळी तेल लिटरला पाच मिलि, चार थेंब साबणाच्या पाण्यासह, संध्याकाळी फवारावे. पहिल्या वळवानंतर रात्री पाने कुरतडलेली दिसली तर टॉर्च घेऊन हुमणीचे भुंगेरे वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. औषधापेक्षा हे काम स्वस्त आणि खात्रीचे आहे.

फुले काढणे आणि वापरणे

फूल झाडावरच शोभते असे म्हणून ते सुकेपर्यंत ठेवणाऱ्यांची झाडे पुढच्या बहराला मागे पडतात. सुकलेले फूल पाच पर्णिकांच्या पहिल्या सशक्त पानाच्या वर कापावे. तेथल्या डोळ्यातून येणारी फांदी दांड्याला बळकट असते. फुलदाणीसाठी कळी निवडताना तिच्या खालची हिरवी निदले मागे वळलेली आणि बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सैल झालेल्या पाहाव्यात. याहून घट्ट कळी न उमलताच मान टाकते. पहाटे किंवा सूर्यास्तानंतर कापून दांडे लगेच मानेपर्यंत पाण्यात बुडवावेत, तासाभराने दांड्याचे टोक पाण्यातच तिरके कापावे आणि मगच सजावट करावी. फुलदाणी केळी किंवा आंब्यांच्या टोपलीजवळ ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाकळ्या लवकर गळतात.

वास घ्यायचा तर सकाळी, दव सुकताना आणि वारा पडलेला असताना घ्यावा, कारण कोरड्या दुपारी सुगंधी तेले उडून जातात. गडद लाल गुलाबांत बहुधा जुन्या दमास्क गुलाबाचा भारदस्त वास असतो, तर पिवळ्यांत चहापत्तीचा किंवा लिंबाच्या सालीचा हलका गंध सापडतो. एकाच सकाळी चार जाती ओळीने हुंगून पाहिल्या तर हा फरक सांगावा लागत नाही.

गुलकंदासाठी देशी गुलाबाचे एक-दोन ताटवे वेगळे राखावेत आणि त्यांच्यावर कोणतेही रासायनिक औषध फवारू नये. बाजारातले पॉलिहाउसचे गुलाब यासाठी मुळीच वापरू नयेत. फाल्गुन-चैत्रात फुले येतात आणि ऊनही कडक असते, म्हणून हा काळ सोयीचा. सकाळी खुडलेल्या फुलांच्या पाकळ्या सुट्या करून, धुऊन, कापडावर पसरून पूर्ण कोरड्या कराव्यात. काचेच्या कोरड्या बरणीत पाकळ्यांचा एक थर व बारीक केलेल्या खडीसाखरेचा एक थर असे भरत जावे. साखर वजनाने पाकळ्यांच्या बरोबरीने किंवा दीडपट असावी. थोडी वेलची पूड घालून बरणीला पातळ फडके बांधावे आणि तीन ते चार आठवडे रोज उन्हात ठेवून एकदा कोरड्या चमच्याने हलवावे. सुरुवातीला पाणी सुटून सगळे सैल दिसते, ते पाहून घाबरू नये. पाक दाट होत जातो, पाकळ्या तपकिरी लाल होतात आणि दातांखाली करकरेनाशा झाल्या की गुलकंद मुरला असे समजून बरणीचे झाकण लावावे.